किलोमीटर नव्हे, प्रकाश मोजा

२०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेची प्रगती सांगताना अंथरलेल्या केबलचे किलोमीटर अभिमानाने पुढे केले जातात. ग्रामपंचायतीपासून घरापर्यंतच्या जोडणीला हा मापदंड लावणे चुकीचे आहे. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश काचतंतूत किलोमीटरमागे जेमतेम ०.२ डेसिबल क्षीण होतो. चौकटीशी काटकोनात मुडपलेली तार किंवा कनेक्टरवरची धूळ कित्येक किलोमीटरांइतकी हानी करू शकते. (दोष मात्र राउटरला!) ७.५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण सोसणारा जी.६५७.ए२ तंतू उपलब्ध आहे. पण तंत्रज्ञाला प्रशिक्षण आणि पॉवर मीटर न देताच ‘जोडणी पूर्ण’ अशी नोंद करणे ही निव्वळ फसवणूक होय. घरातल्या टोकाशी प्रकाश किती डीबीएम पोहोचला, हे प्रत्येक नोंदीत असलेच पाहिजे.