ओझें किती न्यावें?

प्रवासास निघतांना छायाचित्रणाचें सामान किती बरोबर घ्यावें, असा प्रश्न एका वाचकबंधूंनीं आम्हांस विचारला आहे. त्यांच्या घरीं कॅमेरा आहे, तीन भिंगें आहेत, तिपाई आहे, आणि दिवाळीनंतर कुटुंबासह सह्याद्रींत चार दिवस हिंडण्याचा बेत आहे. "सगळेंच न्यावें तर खांदे मोडतात, आणि न न्यावें तर नेमकी त्याच वस्तूची गरज पडते," असें ते लिहितात. प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. परंतु ह्या बाबतींत आम्ही एकदां चुकलों आहोंत, आणि ती चूक आतां सुधारतां येण्यासारखी राहिलेली नाहीं. म्हणून उत्तर थोडें विस्तारानें देत आहों.

एके काळीं ह्या बाबतींत निवडीला जागाच नव्हती. सॅम्युएल बोर्न हा इंग्रज छायाचित्रकार १८६३ सालीं सिमल्याहून हिमालयांत निघाला, तेव्हां त्याच्याबरोबर सुमारें तीस हमाल होते. त्या काळीं कांचेवर रसायन चढवून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे व लगेच तें धुवावें लागे. त्यामुळें कांचा, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखा तंबू हें सारें डोंगरावर चढविल्यावांचून गत्यंतर नसे. पुढें जर्मनींत ऑस्कर बारनाक ह्या कारागिरानें चित्रपटाच्या फितीवर चालणारा लहानसा कॅमेरा तयार केला. त्याला दम्याचा विकार होता. मोठा कॅमेरा घेऊन डोंगर चढणें त्याला झेपत नसे. हा कॅमेरा १९२५ सालीं लाइका ह्या नांवानें बाजारांत आला आणि छायाचित्रकार एकटा, मोकळ्या हातांनीं हिंडूं लागला. आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्या फ्रेंच छायाचित्रकारानें तसल्याच कॅमेऱ्यानें आणि बहुतेक वेळां ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगानें अनेक वर्षें काम केलें. १९४८ सालीं गांधीजींच्या अंत्ययात्रेच्या वेळीं दिल्लींत तो हजर होता.

यंत्र हलकें झालें, पण आमची हांव हलकी झाली नाहीं. एकेक वस्तु लहान, म्हणून चार अधिक घ्याव्या, असें होऊं लागलें. कॅमेरा पाऊण किलोचा, मधलें भिंग तितक्याच वजनाचें, लांब पल्ल्याचें दीड किलोचें, तिपाई दोन किलोंची. शिवाय रुंद दृश्याचें भिंग आणि खुद्द पिशवी. बेरीज सात किलोंच्या घरांत केव्हां जाते, तें कळतही नाहीं.

असलीच पिशवी घेऊन आम्ही कांहीं वर्षांपूर्वीं वारींत गेलों होतों. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर एकदां तरी दिवे घाट चढावा, असें आमच्या वडील भगिनींच्या मनांत होतें. गुडघे दुखत असत, म्हणून पुण्यापासून सारी वाट न चालतां घाटाच्या पायथ्याशीं आम्ही दोघें वारींत सामील झालों. पाऊस भुरभुरत होता. भिंग बदलावयाचें म्हटलें कीं कडेला व्हावें, छत्री मानेंत धरावी, पिशवी उघडावी. तोंवर जें टिपावयाचें तें पुढें निघून गेलेलें असे. चढ सुरू झाल्यावर थोड्याच वेळानें ताईनें आधारासाठीं हात पुढें केला. आमच्या एका हातांत तिपाई होती व दुसऱ्यांत लांब पल्ल्याचें भिंग. ती क्षणभर थांबली आणि हंसून म्हणाली, "अरे, तुझे दोन्ही हात गुंतलेले. राहूं दे." शेजारून चालणाऱ्या एका वारकरी बाईंनीं एका हातानें डोक्यावरची तुळस सांवरीत दुसरा हात तिला दिला, आणि त्या दोघी पुढें निघून गेल्या. आम्ही चित्रें घेत मागून आलों.

घरीं येऊन पाहतों तों पताका होत्या, दिंड्या होत्या, ढगांनीं भरलेला घाट होता. ताई कोठेंही नव्हती. तिपाई तर एकदांही उघडली गेली नव्हती. पुढच्या आषाढीपर्यंत ताई राहिली नाहीं. घरांत तिचीं छायाचित्रें पुष्कळ आहेत. दिवे घाटांतलें मात्र एकही नाहीं.

त्यानंतर आम्हांस फ्रँक हर्ले ह्या ऑस्ट्रेलियन छायाचित्रकाराची गोष्ट वारंवार आठवते. शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेवर तो गेला होता. १९१५ सालीं त्यांचें जहाज बर्फांत चिरडलें गेलें, तेव्हां हर्लेनें बर्फगार पाण्यांत उतरून आपल्या कांचा वर काढल्या. परंतु पुढील वाटेवर इतकें वजन नेणें अशक्य होतें. तेव्हां त्यानें शॅकल्टनसमवेत बर्फावर बसून एकेक कांच पाहिली, सुमारें १२० ठेवल्या आणि सुमारें ४०० तेथेंच फोडून टाकल्या. मागाहून मन फिरूं नये, हा फोडण्यांतला हेतु. मोठे कॅमेरेही त्यानें टाकले. जवळ ठेवला तो खिशांत मावणारा एक लहान कॅमेरा आणि फिल्मचीं तीन रिळें. एलिफंट बेटावरील कठीण महिन्यांचीं जीं चित्रें आज जगाजवळ आहेत, तीं त्या लहान कॅमेऱ्यानेंच घेतलेलीं आहेत.

आपल्या सहलींत असा जीवनमरणाचा प्रसंग नसतो, म्हणूनच आपली निवड ढिली पडते. तेव्हां निघण्यापूर्वीं आपण काय पाहावयास जात आहों, हें आधीं ठरवावें. भिगवणला रोहित पक्षी पाहावयाचे असतील तर लांब पल्ल्याचें भिंग हेंच मुख्य. कासच्या पठारावरील इवलीं फुलें टिपावयाचीं असतील तर जवळून पाहणारें भिंग हवें. रात्रींचें आकाश हवें असेल तर तिपाईवांचून चालावयाचें नाहीं. "कदाचित् लागेल" म्हणून जी वस्तु पिशवींत जाते, ती बहुधा तशीच परत येते. ह्याची खात्री स्वतःलाच करून घेतां येते. आजकालच्या प्रत्येक छायाचित्राबरोबर कोणत्या भिंगानें तें घेतलें, ह्याची नोंद आपोआप राहते. मागील तीन सहलींचीं चित्रें काढून ती नोंद पाहावी. आमचीं दहांपैकीं नऊ चित्रें मधल्या भिंगाचीं निघालीं.

काटकसर करूं नये ती जादा बॅटरी, जादा मेमरी कार्ड, कोरडें फडकें आणि प्लॅस्टिकची पिशवी ह्यांत. वजन नाममात्र, आणि ह्यांवांचून मात्र अडतें. सामान भरून झालें कीं तें खांद्यावर टाकून घरचा जिना चार वेळां चढून पाहावा. जें नको तें तिसऱ्या खेपेस आपणच बाहेर काढाल.

आमच्या वाचकबंधूंनीं कुटुंबासह जातांना कॅमेरा आणि मधलें भिंग एवढेंच न्यावें, असें आम्ही सुचवितों. एखादें दूरचें दृश्य हातचें जाईल. तें नुसतें डोळ्यांनीं पाहावें. चढावर मुलांना आणि वडीलधाऱ्यांना देण्यासाठीं एक हात मोकळा राहील, इतकेंच सामान असावें. आणि पहिलें चित्र घरच्या माणसांचेंच घ्यावें.