‘त्याने पाहिलंच असेल’ हे गृहीत कशाला?

विमान अपघात म्हटलं की आपल्याला आकाशातून कोसळणारं विमान आठवतं. पण दोन विमानं जमिनीवर, चाकांवर असतानाही एकमेकांना धडकतात. छोट्या विमानांच्या बाबतीत हा धोका आपण फारच हलक्यात घेतो, असं मला वाटतं.

पार्किंगपासून रनवेपर्यंत विमान चाकांवर नेणं म्हणजे ‘टॅक्सी’ करणं. वेग कमी, म्हणून सोपं वाटतं. पण शिकाऊ पायलट वापरतात त्या सेस्ना १७२ चे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ११ मीटर! गाडीसारखे आरसे नाहीत, रिव्हर्स गिअर नाही, वळवायचं पायांनी. शेपटीखाली चाक असलेल्या विमानात तर वर उचललेल्या नाकामुळे समोरचं नीट दिसतच नाही. पायलट नागमोडी वळणं घेत बाजूने बघत जातो. त्यात पुढे गरगरणारा प्रोपेलर.

‘जमिनीवर काय होणार?’ असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातलं क्विन्सी विमानतळ बघा. १९ नोव्हेंबर १९९६. तिथे कंट्रोल टॉवर नव्हता, पायलटांनीच रेडिओवर एकमेकांना कळवायचं. उतरायला आलेल्या छोट्या प्रवासी विमानाने विचारलं, दुसऱ्या रनवेवरचं विमान थांबणार ना? उत्तर आलं, पण ते त्या विमानामागे उभ्या असलेल्या तिसऱ्याच विमानाचं होतं, तेही अर्धवट ऐकू आलेलं. पुढचं ‘किंग एअर’ मात्र निघालं. दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात तिथे धडक झाली आणि आग लागली. दोन्ही विमानांतले सगळे, १४ जण गेले. चटका लावणारी गोष्ट म्हणजे त्या धडकेतून लोक वाचू शकले असते. पण दार उघडलं नाही, आणि आग विझवायला विमानतळावर कुणी नव्हतं.

आज गोंदियात आपल्याच वयाची मुलं-मुली विमान शिकतायत. टेक-ऑफचे रील्स सगळेच टाकतात, टॅक्सीचं कौतुक कुणालाच नाही. फ्लाइंग स्कूलनी आणि शिकणाऱ्यांनीही टॅक्सीला उड्डाणाइतकंच महत्त्व द्यायला हवं. विमान पुढे सरकत असताना चेकलिस्टमध्ये डोकं घालू नका, थांबून वाचा. नीट ऐकू आलं नाही तर बिनधास्त परत विचारा. पंख निघेल की नाही अशी शंका आली तर ब्रेक मारा, खाली उतरून बघा.

मागचा वैतागेल, दोन मिनिटं उशीर होईल. होऊ दे की!