एकाच चुलीवरचा काळा कातळ



लग्नसराई जवळ आली की बेळगावच्या बाजारपेठेत प्रवासी कंपन्यांचे रंगीत फलक झळकू लागतात. निळेशार पाणी, पांढरी वाळू, एक वाकलेला माड आणि खाली मोठ्या अक्षरांत 'मॉरिशस'. आमच्या मते या चित्रात त्या बेटाचे निम्मेही दर्शन घडत नाही. समुद्र हा बेटाचा केवळ काठ होय. खरे बेट आत आहे, ते दगडाचे आहे, आणि त्या दगडाशी आपले जुने नाते आहे. म्हणून या आठवड्यात तिकिटाचा खर्च न करता, मुलांच्या शाळेतील नकाशावर बोट ठेवून आपण तेथे फिरून येऊ.

आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर हे मोठे बेट आहे. त्याच्याही पूर्वेस, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २० अंशांवर मॉरिशस सापडेल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्याचा जेमतेम सातवा हिस्सा. तेथील ऋतू आपल्या उलट. नाताळ येतो तो भर उन्हाळ्यात, आणि आपल्याकडे मे महिन्यात पेटणारा गुलमोहर तिकडे प्रभूजन्माच्या सुमारास फुललेला असतो.

आता दगडाविषयी. आपल्या घरांचे जोते, विहिरींची बांधणी, माजघरातील पाटा-वरवंटा ज्या काळ्या कातळाचा असतो, तो एके काळी वितळलेला रस होता. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तो थरांवर थर पसरला आणि त्यातून दख्खनचे पठार उभे राहिले. आपला बेळगावचा मुलूख हा त्या कातळाचा दक्षिणेकडील काठ. भूशास्त्रज्ञ असे सांगतात की ज्या खोल उष्ण स्थानातून हा रस वर आला, ते स्थान अद्याप विझलेले नाही. चूल जागच्या जागी राहावी आणि वरचा तवा सरकत जावा, तशी आपली भूमी त्या चुलीवरून उत्तरेकडे सरकली. मागे लक्षद्वीप आणि मालदीव यांच्या तळाशी असलेली डोंगररांग राहिली. पुढे सागरतळाचा दुसरा भाग त्या चुलीवर आला व सुमारे ८० ते ९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशसने पाण्यातून डोके वर काढण्यास प्रारंभ केला. शेजारच्या रियुनियन बेटावर ती चूल आजही धगधगते आहे. तेथील ज्वालामुखी आमच्या पिढीनेही अनेकदा जागा झालेला पाहिला.

कोटी वर्षांची ही भाषा ऐकून एखादा भाविक बिचकेल. त्याने बिचकू नये. उत्पत्तीच्या पुस्तकातील सहा दिवस घड्याळाने मोजावेत असा आग्रह ख्रिस्तसभा धरीत नाही. परमेश्वराला घाई कधीच नव्हती.

मॉरिशसचे ज्वालामुखी आता शांत आहेत. क्यूरपिप या नगरात 'त्रू ओ सेर्फ' नावाचे जुने मुख आहे. सुमारे ३०० मीटर रुंदीचा हा द्रोण आता झाडीने भरला असून तळाशी थोडे पाणी साचलेले असते. काठावर लोक सकाळी फिरावयास येतात. 'ग्रां बासें' हे असेच दुसरे मुख, परंतु त्याचे सरोवर झाले. तेथील हिंदू बांधव त्याला गंगा तलाव म्हणतात, आणि महाशिवरात्रीस लाखो यात्रेकरू तेथे पायी जातात.

शामारेल येथील दृश्य मात्र आपल्या जांबोटीच्या माणसाने अवश्य समजून घ्यावे. उसाच्या मळ्यांपलीकडे एक उघडे माळरान लागते. त्यावर गवताची काडी नाही, आणि मातीच्या लहानलहान टेकड्या तांबड्या, पिवळ्या, जांभळ्या, तपकिरी अशा सात रंगांच्या दिसतात. परदेशी पाहुणे याला चमत्कार म्हणतात. कारण साधे आहे: काळा कातळ उष्ण, ओल्या हवेत युगानुयुगे कुजला, विरघळणारे अंश पावसाने वाहून नेले, आणि लोह व अॅल्युमिनियम यांची भस्मे तेवढी मागे उरली. आपल्या पायांखालील जांभा याच रीतीने तयार झाला. आपण त्याचे चिरे काढून भिंती रचतो, तिकडे त्याला कुंपण घालून दर्शनाचे तिकीट लावले आहे, इतकाच भेद.

तेथून नैऋत्य टोकास गेले की 'ल मोर्न' हा ५५६ मीटर उंचीचा एकांडा पर्वत समुद्रात पाय सोडून बसलेला दिसतो. येथे नुसत्या सौंदर्यावर डोळा ठेवून चालत नाही. गुलामगिरीच्या काळात मळ्यांतून पळालेले आफ्रिकी व मलागासी गुलाम या कड्यांच्या कपारींत लपून राहत. त्या स्मृतीसाठी २००८ साली या पर्वतास जागतिक वारशाचा मान मिळाला. १८३५ साली गुलामांची मुक्तता झाली. मुक्त झाले खरे, पण त्यांचा वाली कोणी नव्हता. १८४१ साली फ्रान्सहून फादर जाक देझिरे लावाल तेथे आले. ते पूर्वाश्रमीचे वैद्य. त्यांनी या दरिद्री लोकांची क्रिओल बोली शिकून घेतली आणि ९ सप्टेंबर १८६४ रोजी देह ठेवीपर्यंत त्यांच्यातच राहिले. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना 'धन्य' घोषित केले. सेंत-क्रुआ येथील त्यांच्या समाधीवर आजही सर्व धर्मांचे लोक येतात. दिवंगत पोप फ्रान्सिस २०१९ साली त्या बेटावर गेले, तेही ९ सप्टेंबरलाच.

गुलाम गेले, तेव्हा मळेवाल्यांना दुसरे हात हवे झाले. १८३४ पासून करारावर हिंदुस्थानातून मजूर नेण्यात आले. बहुसंख्य बिहारकडील, परंतु मुंबई बंदरातून कोकणातील, विशेषतः रत्नागिरीकडील, आपले मराठी लोकही गेले. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. शाळांतून मराठी शिकविली जाते व गणेश चतुर्थीस सरकारी सुटी असते. मॉरिशसच्या उसाच्या शेतांत मध्येच काळ्या दगडांचे पायऱ्यापायऱ्यांचे प्रचंड ढीग दिसतात. प्रवाशाला वाटते, कोण्या प्राचीन राजाचे स्मारक असावे. वस्तुतः जमीन नांगरता यावी म्हणून आधी गुलामांनी व नंतर या मजुरांनी एकेक दगड हाताने उचलून रचलेले ते ढीग होत. कोकणातील कातळ मागे सोडून निघालेला मनुष्य सातासमुद्रांपलीकडे उतरला, आणि त्याच्या हाती त्याच चुलीवरचा कातळ आला. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्या बेटावरील कोणत्याही धबधब्यापेक्षा हे ढीग आम्हांस अधिक पाहण्याजोगे वाटतात.

आपल्या गावांतून एक वचन नेहमी ऐकू येते: देवाने दिलेले माणसाच्या हातून संपत नाही. हे श्रद्धेचे बोल म्हणून उच्चारले जातात, परंतु बहुधा कुऱ्हाड हाती असतानाच. या वचनास मॉरिशसने दिलेले उत्तर म्हणजे डोडो. हा मोठा, न उडणारा पक्षी जगात अन्यत्र कोठेही नव्हता. १५९८ साली डच खलाशी तेथे उतरले. त्यांनी मारले त्याहून अधिक नाश जहाजांतून आलेल्या उंदीर, डुकरे व माकडांनी केला, कारण डोडोची अंडी जमिनीवर उघडी असत. १६६२ नंतर त्याच्या दर्शनाची विश्वसनीय नोंद नाही. सत्तर वर्षेसुद्धा लागली नाहीत; एका आजोबाचे आयुष्य. आदामाने प्राण्यांना नावे ठेविली असे आपण वाचतो. येथे नाव तेवढे उरले. पुढे आबनुसाची आणि इतर अरण्ये तुटली, ऊस आला, आणि आज अस्सल जुने रान शेकडा दोनहूनही कमी शिल्लक आहे.

तथापि कथा येथे संपत नाही. त्याच बेटावर एक लहान ससाणा आहे. १९७४ साली रानात त्याची केवळ चार पाखरे माहीत होती. जाणत्यांनी आशा सोडली होती. कार्ल जोन्स नावाचा वेल्स देशीचा तरुण १९७९ मध्ये तेथे गेला. मादीची पहिली अंडी उचलून उबवणीस ठेवावीत, म्हणजे ती पुन्हा घालते, ही युक्ती त्याने व त्याच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे चालविली. आज ते ससाणे शेकड्यांनी आहेत.

२५ जुलै २०२० रोजी 'वाकाशिओ' हे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील प्रवाळाच्या खडकावर चढले आणि पुढे त्यातून सुमारे १,००० टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा शहाण्यासुरत्यांची वाट न पाहता बेटावरील बायाबापड्यांनी उसाचे पाचट कापडांत भरून लांबच लांब गुंडाळ्या शिवल्या आणि तेल अडविण्यास पाण्यात सोडल्या. पाचटाचा हा उपयोग निपाणीकडील शेतकऱ्यांनीही ऐकून ठेवावा. आपल्याकडे तर ते जाळतात.

त्या तेलाच्या वाटेवर 'इल ओ झेग्रेत' नावाचे २६ हेक्टरांचे चिमुकले बेट होते. तेथे अनेक वर्षे परकी झाडे उपटून मूळची झाडे लावण्याचे काम चालले आहे. तेथील आबनूस हा आपल्या टेंभुर्णीच्या कुळातील वृक्ष. त्याची फळे खाऊन बी पसरविणारी मोठी कासवे केव्हाच नामशेष झाली होती. म्हणून २००० साली दूरच्या आल्दाब्रा बेटाकडील कासवे आणून सोडण्यात आली. ती सावकाश हिंडतात, फळे खातात, आणि त्यांच्या विष्ठेतून आबनुसाची रोपे उगवतात.

आता बोट नकाशावरून काढून पुन्हा आपल्या रानात आणू. जांबोटीच्या डोंगरांतून म्हादई वाहते, तिच्यावर वज्रपोहा धबधबा आहे, आणि २०११ साली अभयारण्य झालेले भीमगड जवळच आहे. त्यातील तळेवाडीनजीक बारापेडेच्या गुहा आहेत. १९१३ साली तेथील एका वटवाघळाचे वर्णन शास्त्रज्ञांनी प्रथम प्रसिद्ध केले. 'रॉटनचे वटवाघूळ' म्हणून ते ओळखले जाते. पुढे कित्येक दशके या एका ठिकाणाखेरीज पृथ्वीवर ते कोठेच आढळले नव्हते. अलीकडे मेघालयात व कंबोडियातही सापडले, तरी ते दुर्मीळच आहे. रविवारच्या मिस्सेनंतर सहलीस निघणाऱ्या आमच्या तरुणांपैकी कित्येकांनी डोडोचे चित्र शाळेच्या पुस्तकात पाहिलेले असेल. या वटवाघळाचे नाव मात्र, आमच्या अंदाजाने, त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या कानी गेले असेल. गुहेत दिवस झोपेत काढणाऱ्या या जिवांना माणसांचा गलबला, धूर आणि उजेड सोसत नाही.