पकड कोणाची सुटते?

कबड्डीच्या प्रेक्षकाला पराभवाचा दोषी शोधायला फार वेळ लागत नाही. चढाईपटू रिकाम्या हाताने परतला किंवा बाद होऊन बाहेर बसला, तर 'आज त्याचा दिवस नव्हता' एवढ्यावर त्याची सुटका होते. कोपऱ्यातल्या गड्याच्या हातून घोटा निसटला, की मात्र त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू होतो. प्रो कबड्डी लीगमधील यू मुंबा या संघाच्या वाट्याला गेल्या काही वर्षांत हा उद्धार पुष्कळ आला आहे. उरणच्या नाक्यांवर, बोटीच्या धक्क्यावर, कंटेनरच्या गाड्या थांबतात त्या चहाच्या टपऱ्यांवर एकच वाक्य निरनिराळ्या आवाजांत ऐकू येते, 'आपल्याकडे पकडच राहिली नाही.'

ही तक्रार करणारी माणसे खेळातली अडाणी नव्हेत. उरण, पेण, अलिबाग, पनवेल हा सारा पट्टाच कबड्डीचा. येथील आगरी-कोळी वस्तीत असे घर विरळा, की ज्यातला एखादा काका किंवा मामा गावच्या संघातून खेळलेला नाही. भाताची कापणी उरकून मैदाने मोकळी झाली, की प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू होतात आणि मध्यरात्र उलटली तरी मैदानाभोवतीची गर्दी हलत नाही. पायाची हालचाल पाहून चढाईपटू डावीकडे वळणार की उजवीकडे, हे येथील म्हातारी माणसे पंचांच्या आधी सांगतात. तेव्हा त्यांचा राग मुळातच चुकीचा आहे, असे आम्हाला म्हणायचे नाही. राग खरा आहे. तो ज्याच्यावर काढला जातो, तो माणूस मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो, असे आमचे मत आहे.

रागाचे मूळ अर्थातच आठवणीत आहे. २०१४ साली लीग सुरू झाली आणि पहिल्या तिन्ही हंगामांत यू मुंबाने अंतिम फेरी गाठली. २०१४मध्ये जयपूर पिंक पँथर्सकडून हार पत्करली, २०१५मध्ये बेंगळूरु बुल्सला ३६-३० असे नमवून विजेतेपद मिळवले, आणि मार्च २०१६मध्ये पाटणा पायरेट्सकडून अवघ्या तीन गुणांनी सामना गमावला. त्या काळात अनुप कुमारचे नेतृत्व आणि त्याची शांत चढाई यांचे कौतुक फार झाले. ते योग्यच होते. परंतु अनुपला घाई न करता खेळता येत होते, याचे कारण त्याच्या पाठीमागे होते. मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा हे दोन कोपरे, जोडीला जीवा कुमार, विशाल माने आणि पुढे इराणचा फझल अत्राचली. मागे गुण सुटत नाहीत याची खात्री असली, म्हणजे पुढच्याला जीव धोक्यात घालावा लागत नाही.

२०१६च्या चौथ्या हंगामाआधी लिलाव झाला आणि ही फळी फुटली. छिल्लर व नाडा बेंगळूरुला गेले, फझल पाटण्याला गेला. त्या हंगामात यू मुंबा प्रथमच उपान्त्य फेरीबाहेर राहिला आणि पाटणा विजेता ठरला. २०१७मध्येही बाद फेरी दूरच राहिली. पुढे सहाव्या आणि सातव्या हंगामांत संघ सावरल्यासारखा वाटला. पण आठव्या, नवव्या व दहाव्या अशा सलग तीन हंगामांत पुन्हा बाद फेरीचे दर्शन झाले नाही. नाक्यावरच्या वाक्याला इतका इतिहास आहे.

आता पकड म्हणजे नेमके काय, ते पाहू. पुरुषांच्या सामन्यात तीस सेकंदांची चढाई असते. मध्यरेषेपासून निदानरेषा पावणेचार मीटरवर. ती ओलांडल्याखेरीज चढाई वैध ठरत नाही. म्हणजे येणाऱ्याला आत यावेच लागते, आणि बचावाचे पहिले काम त्याला हवे तेवढे आत येऊ देणे हे असते. कोपरारक्षक घोट्यासाठी झेपावतो, ते दृश्य सर्वांना दिसते. त्याने झेप घेतल्यावर अर्ध्या सेकंदात शेजारचा गडी कंबरेला भिडतो की नाही, दुसऱ्या बाजूची जोडी मध्यरेषेकडची वाट बंद करते की नाही, यावर त्या झेपेचे काय होणार हे ठरते. एकट्याने धरलेला घोटा हा फार तर एक क्षण टिकतो. त्या क्षणात बाकीचे आले तर ती पकड. न आले तर तीच झेप मूर्खपणाची ठरते.

यातही एक क्रूर हिशेब आहे. झटापटीत चढाईपटूला ज्यांचा ज्यांचा स्पर्श झाला ते सारे, तो मध्यरेषेला पोचताच, बाद होतात. उशिरा आलेला मदतनीस त्यामुळे पकड तर वाचवत नाहीच, वर आणखी एक गुण देऊन जातो. मग सात जणांच्या जागी पाच उरतात, पाचांना तेवढेच मैदान राखावे लागते, आणि थोड्याच वेळात लोण चढतो. गुणपत्रकात मात्र यशस्वी पकड एकाच्या नावावर लिहिली जाते आणि फसलेलीही एकाच्याच. जो आलाच नाही, त्याचे नाव कोठेही नोंदले जात नाही. प्रेक्षकांचा रागही या गुणपत्रकासारखाच आहे. तो झेपावलेल्याला पाहतो, न झेपावलेल्याला पाहत नाही.

अर्ध्या सेकंदातली ही समज सरावाने येते, पण केवळ सरावाने नव्हे, सहवासाने येते. शेजारच्याचा खांदा किती खाली गेला म्हणजे तो उडी घेणार, हे त्याच्याबरोबर शेकडो चढाया उभे राहिल्याशिवाय कळत नाही. चढाईपटू स्वतःचे कौशल्य अंगावर बाळगून कोणत्याही संघात जाऊ शकतो. बचावपटूचे निम्मे कौशल्य शेजाऱ्याच्या अंगात असते, आणि लिलावात ते निम्मे मागे राहते. संघांना काही खेळाडू राखून ठेवण्याची मुभा असते हे खरे. परंतु राखताना निवड बहुधा नावांची होते, जोड्यांची क्वचित.

यावर एक आक्षेप येईल. उत्तम बचावपटू विकत घेता येतो, आणि तो एकटाही संघाचे नशीब पालटतो, असे म्हणता येईल. इराणच्या मोहम्मदरेझा शाडलुईला पुणेरी पलटणने दहाव्या हंगामासाठी २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि पुणे जिंकले. पुढच्या हंगामात तो हरयाणा स्टीलर्सकडे गेला आणि डिसेंबर २०२४मध्ये हरयाणा जिंकले. आक्षेप वजनदार आहे. पण पुण्याची ती फळी नीट पाहिली तर तिच्या मध्यभागी संकेत सावंत आणि अबिनेश नादराजन हे दोघे शाडलुई येण्याआधीपासून एकमेकांशेजारी उभे होते. याच संघाने आदल्या हंगामात अंतिम सामना गमावला होता. तेव्हा सारा संघ मोडून नवा बांधण्याचा मोह त्याने टाळला. अंतिम सामना २८-२५ असा सुटला. इतक्या कमी गुणांचा सामना चढाईने जिंकला जात नसतो. शाडलुई हा तयार साखळीला मिळालेला शेवटचा दुवा होता.

उलट उदाहरण आपल्याच घरचे आहे. २०१८च्या लिलावात यू मुंबाने फझल अत्राचलीला एक कोटी रुपयांना परत आणले. लीगमधला पहिला कोट्यधीश हा चढाईपटू नसून बचावपटू होता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही. फझलने त्या हंगामात पकडींचे ८३ गुण मिळवले. एका माणसाकडून याहून अधिक काय मागावे? तरीही संघ बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात यूपी योद्धाकडून हरून बाहेर पडला. त्या योद्धाच्या नितेश कुमारने त्याच हंगामात पकडींचे शतक पूर्ण केले होते, आणि त्याचाही संघ अंतिम फेरीपर्यंत पोचला नाही. विक्रम एकट्याचे होतात. बचाव एकट्याचा होत नाही. अकराव्या हंगामात यू मुंबाने सुनील कुमारला एक कोटीहून अधिक किंमत देऊन घेतले आणि गुजरातमध्ये वर्षानुवर्षे त्याच्याजवळ उभा राहिलेला प्रवेश भैंसवालही संघात आला. तीन वर्षांनंतर संघाने बाद फेरी पाहिली, हा केवळ योगायोग नसावा.

आता उरणकडे वळू, कारण हा प्रश्न केवळ लीगच्या मालकांचा नाही. गावच्या संघाची पकड एके काळी मजबूत होती, तिचे कारण साधे होते. उजवा कोपरा आणि त्याच्या शेजारचा गडी हे सख्खे नाही तर चुलत भाऊ असत. एकाच खाचरात आवणी करणारी, एकाच होडीत जाळे ओढणारी ही पोरे मैदानात उतरण्यापूर्वीच एकमेकांच्या हालचाली ओळखत. शेतातून आल्यावर सांजवेळी देवळापुढच्या मातीत रोज तास-दीड तास खेळ होई. १९७०नंतर नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, आणि भातखाचरांच्या व मिठागरांच्या जागी गोदामे व कंटेनरांच्या थप्प्या उभ्या राहिल्या. रोजगार आला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण एका भावाची पाळी सकाळची आणि दुसऱ्याची रात्रीची झाली. सात जण एका वेळी एका मैदानात येणे हीच दुर्मीळ गोष्ट होऊन बसली. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला आणि उरणपर्यंत लोकलही आली. तेव्हापासून मोकळ्या जागेचे मोल आणखी वाढले आहे. देवळापुढची माती अशा वेळी किती दिवस मोकळी राहील?

चढाई एकट्याने शिकता येते. भिंतीला पाय लावून, मोबाइलवर चित्रफिती पाहून, घराच्या अंगणातही शिकता येते. पकडीला माणसे लागतात, तीही रोज तीच. म्हणूनच गावोगावी चढाईपटू अजून निघतात आणि कोपरे रिकामे पडत चालले आहेत. मैदानाभोवतीची दादही याला हातभार लावते. 'उत्कृष्ट पकड' हे बक्षीस स्पर्धेत असते, पण गर्दीच्या ओठांवर नाव असते ते चढाईच्या बक्षिसाचे. चौदा वर्षांचा मुलगा हे पाहतो आणि आपण काय व्हायचे ते ठरवतो.

आमचे म्हणणे थोडके आहे. लीगच्या संघांनी एखादे मोठे नाव राखण्याऐवजी किमान एक जोडी तीन-चार हंगाम राखून पाहावी. गावच्या मंडळांनी बक्षिसांची रक्कम वाढवण्याआधी मैदानाची जागा गावठाणात कागदोपत्री पक्की करून घ्यावी. आणि प्रेक्षकांनी, निदान उरणच्या जाणत्या प्रेक्षकांनी, घोटा सुटला की त्या पोराला शिव्या घालण्यापूर्वी क्षणभर त्याच्या शेजारी पाहावे. तेथे कोण उभे होते, किती दिवसांपासून उभे होते, की तेथे कोणीच नव्हते? ज्याने झेप घेतली, त्याने आपले काम केले होते.