शिट्टी वाजली तर थांबायचं

आपण मुलांना पोलिसाची भीती घालतो ती जेवायच्या वेळी. ‘खाल्लं नाहीस तर पोलिसाला देईन हं!’ पुढे हीच मुलं सायकलवरून क्लासला जाऊ लागतात आणि चौकात शिट्टी वाजली की जीव घेऊन पळतात. आमच्या शाळेतला आठवीतला एक मुलगा असाच गर्रकन वळला तो थेट टेम्पोसमोर. टेम्पोवाल्याचा ब्रेक लागला म्हणून निभावलं. थांबला असता तर फार तर बोलणी बसली असती हो!

तेव्हा आधी थांबायचं, उतरून कडेला उभं राहायचं. नाव-पत्ता विचारला तर खरा सांगायचा. किरकोळ गुन्ह्यात एरवी वॉरंटशिवाय पकडता येत नाही. पण पोलिसाच्या डोळ्यांदेखत नियम मोडून वर नाव-पत्ताही सांगितला नाही, तर खात्री करून घेण्यासाठी अटक करता येते. मी वर्गात पत्ता लिहायला सांगते तेव्हा निम्मी मुलं ‘स्टँडच्या मागे’ एवढंच लिहितात! घरी एकदा पाठ करून घ्याच.

साधी सायकल १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘मोटार वाहन’ ठरत नाही. म्हणून लायसन्स, विमा, पीयूसी यांतलं काहीच तिला लागत नाही. बॅटरीच्या सायकलीचं मात्र नीट बघा. मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, तरच ही सूट. दुकानदार ‘ताई, काही लागत नाही’ म्हणाला, की ते बिलावर लिहून मागा.

पण रस्ता आपल्याला आंदण दिलेला नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्यात ‘वाहन’ म्हणजे सायकलसुद्धा, आणि डावी बाजू धरायचा नियम तिलाही आहेच. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर तर सायकलला मनाईच आहे.

दंड भरायचा तर पावती घ्यायची. भांडायचं नाही, ‘साहेब, पावती द्याल ना?’ एवढंच. अठराच्या आतल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही. आपल्याबद्दल म्हणाल, तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करायची झाली तर कारण अपवादात्मक लागतं, शिवाय महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी घेतलेली परवानगी. अंगझडतीही बाईनेच घ्यायची.

खरी पंचाईत होते ती ‘सायकल तुझीच कशावरून?’ या प्रश्नाने. संशय आला तर पोलीस ती ताब्यात घेऊ शकतात. बिल जपून ठेवा; जुनी घेतली असेल तर विकणाऱ्याकडून दोन ओळी आणि सही घ्या. सांगाड्यावर, बहुधा पायडलच्या दांड्याखाली, नंबर कोरलेला असतो, तोही वहीत टिपून ठेवा. सायकल उलटी करून वंगण पुसल्याशिवाय तो दिसत नाही. त्यासाठी जुनं फडकं घ्या, पदर नको. ते डाग रॉकेलनेही धड निघत नाहीत.