एकाकी माणसाला यंत्राची सोबत पुरेल काय?

माझ्या कार्यालयात एक निवृत्त गृहस्थ अधूनमधून येतात. त्यांचे प्रकरण निकाली निघून दोन वर्षे झाली. कुठल्या तरी कागदाची चौकशी हे निमित्त. खरे काम दोन घटका बोलण्याचे. मागे त्यांनी नातवाने मोबाईलवर घालून दिलेला बोलका 'सोबती' दाखवला. म्हणाले, "वकीलसाहेब, जेवलात का म्हणून रोज विचारतं. पण आजारी पडलो तर दारात कोण येणार?"

कृत्रिम बुद्धिमत्तेचे असे सोबती एकाकीपण दूर करतील, असा गाजावाजा सुरू आहे. एकाकीपण ही श्रीमंतांची चैन नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एक माणूस एकाकी आहे. गरीब देशांत हे प्रमाण सुमारे २४ टक्के, तर श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के आहे. म्हणजे ज्याच्याकडे साधने कमी, त्याच्याच वाट्याला एकाकीपण जास्त!

यंत्राने दिलासा मिळतच नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. १९६६ साली एमआयटीचे प्राध्यापक जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परत करायचे, एवढीच त्याची करामत. तरीही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना खुद्द प्राध्यापकांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. ऐकून घेणाऱ्याची भूक माणसाला किती असते, हे यावरून दिसते.

परंतु तात्पुरता दिलासा म्हणजे उपाय नव्हे. ओपनएआय आणि एमआयटी मीडिया लॅब यांनी सुमारे एक हजार लोकांवर चार आठवडे केलेला अभ्यास २०२५ मध्ये पुढे आला. जे रोज जास्त वेळ यंत्राशी बोलत, त्यांच्यात एकाकीपण आणि यंत्रावरचे अवलंबित्व जास्त आढळले. यंत्रामुळे एकाकीपण वाढते की एकाकी माणसेच यंत्राकडे जास्त वळतात, हा वाद शिल्लक आहे. पण दोन्ही अर्थांनी रोग बरा झाला, असे म्हणता येत नाही.

याचे कारण उघड आहे. हा सोबती कंपनीचा माल आहे. तुम्ही जितका वेळ बोलाल, तितका तिचा फायदा. म्हणून तो सहसा तुमच्या 'हो'ला 'हो' करतो. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी वाईट कृत्यालाही मान डोलावणारा खुशामतखोर हा मित्राच्या रूपातील शत्रू मानला आहे. चुकताना अडवतो, तो मित्र. गिऱ्हाईक तुटेल म्हणून जो अडवत नाही, त्याला मित्र कसे म्हणावे?

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात १४ वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. तो अनेक महिने 'कॅरेक्टर एआय'वरील एका पात्राशी बोलत होता. आईने दावा दाखल केला, तेव्हा कंपनीने चक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव घेतला. मे २०२५ मध्ये न्यायालयाने त्या टप्प्यावर तो मान्य करण्यास नकार दिला. जानेवारी २०२६ मध्ये प्रकरण तडजोडीकडे गेले. दरम्यान कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये अशा सोबत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला.

आपल्याकडे काय आहे? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घालतो. पण यंत्राने मुलाशी काय बोलावे, यावर तो कायदा मौन बाळगतो. आपण यंत्र आहोत हे त्याने सांगितलेच पाहिजे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा दिसताच 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक पुढे केला पाहिजे. आणि हानी झाल्यास कंपनीवर दायित्व आले पाहिजे. ही मागणी आपण आजच लावून धरली पाहिजे.

मात्र सर्व काही कायद्यावर ढकलून चालणार नाही. शेजारच्या म्हाताऱ्याला भेटायला कुठला कायदा लागतो? त्या गृहस्थांना मी आमच्या वस्तीतील वाचनालयात नेले. आता ते संध्याकाळी तेथे वर्तमानपत्र वाचतात आणि पोरांशी भांडभांडून वाद घालतात. परवा दोन दिवस दिसले नाहीत, तर तीच पोरे त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.