गाव शांत, पण अभ्यासाला जागा कुठे?

वालावलला येणारा पाहुणा सगळ्यात आधी तिथल्या शांततेचे कौतुक करतो. कर्ली नदीचा काठ, लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याला लागून असलेला तलाव, भोवतालची गर्द झाडी. शहरात राहून कान किटलेल्या माणसाला हे सगळे औषधासारखे वाटते. पण याच गावातल्या तलाठी भरतीची, पोलीस भरतीची, ‘नीट’ची किंवा बारावीची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा, अभ्यासाला कुठे बसतोस? उत्तर बहुधा ‘पडवीत’, ‘माळ्यावर’ किंवा ‘सगळे झोपल्यावर’ असे येईल. गाव शांत असते, घर शांत असतेच असे नाही. हा फरक वरवर किरकोळ वाटला, तरी मेंदूच्या दृष्टीने तो मोठा आहे.

आवाज आणि अभ्यास यांच्या नात्यावर गेली पन्नास वर्षे संशोधन चालू आहे. 1975 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या शाळेच्या एका बाजूने उन्नत रेल्वेमार्ग जात होता. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुले वाचनात पलीकडच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा जवळपास वर्षभर मागे असल्याचे आढळले. शाळा एक, अभ्यासक्रमही एकच, फरक फक्त वर्गाच्या बाजूचा होता. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारे आवरण दिले आणि 1981 च्या पाहणीत हा फरक नाहीसा झाला. जर्मनीत म्युनिकचा विमानतळ 1992 मध्ये एका जागेवरून दुसरीकडे हलला, तेव्हाही असेच दिसले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन आणि दीर्घ स्मरण घसरले, तर जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे सुधारले. म्हणजे गोंगाटाने झालेले नुकसान भरून येऊ शकते, मात्र त्यासाठी आधी गोंगाट थांबावा लागतो.

‘आमच्याकडे कुठे विमानतळ आणि कुठे रेल्वेचा पूल?’ असे कोणी म्हणेल. मुद्दा इथेच आहे. अभ्यास मोडायला मोठा आवाज लागत नाही, माणसाचे बोलणे पुरते. 1976 मधल्या एका प्रयोगात इंग्रजी भाषकांना समोर दिसणारी अक्षरे क्रमाने लक्षात ठेवायला सांगितले आणि त्याच वेळी कानावर जर्मन उतारा पडत राहील अशी व्यवस्था केली. ऐकू येणाऱ्या भाषेचा एक शब्दही कळत नसताना त्यांच्या चुका वाढल्या. नंतरच्या प्रयोगांत दिसले की एकसुरी खरखरीचा असा परिणाम फारसा होत नाही. बोलण्याचा होतो आणि ते हळू आवाजात असले तरी होतो. वाचून अर्थ समजून घ्यायचा असेल, तर आपल्याला कळणाऱ्या भाषेतले बोलणे जास्त आड येते.

याचे कारण अवघड नाही. वाचलेले काही क्षण धरून ठेवण्यासाठी मेंदू ते मनातल्या मनात उच्चारत असतो. कानावर पडणारे शब्द नको म्हटले तरी त्याच वाटेत घुसतात. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. म्हणून कौलांवर कोसळणारा श्रावणातला पाऊस अभ्यासाच्या आड येत नाही, पण माजघरात हळू आवाजात लावलेली मालिका येते. पंख्याची घरघर चालते, शेजारच्याच्या मोबाइलवरची बडबड चालत नाही. गाणी लावून अभ्यास करणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. शब्द असलेले गाणे हे मेंदूच्या लेखी बोलणेच असते.

आपला कायदा आवाज डेसिबलमध्ये मोजतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शांतता क्षेत्रात दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल ही मर्यादा आहे. लाउडस्पीकरसाठी ती हवीच. पण घरातल्या गप्पांचा अभ्यासाला होणारा त्रास कुठल्याही मापकावर दिसत नाही. त्यावर उपाय एकच, कोणी बोलणार नाही असे जिथे सगळ्यांनी मिळून ठरवलेले आहे अशी जागा. तिलाच आपण ग्रंथालय म्हणतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते. घरात पुस्तक उघडून बसलेली मुलगी मोकळीच आहे असे धरले जाते. ‘बघ गो, कोण इला ता’, ‘जरा चाय टाक’ असे दर पंधरा मिनिटांनी होते. काम मिनिटभराचे असते, पण तुटलेला धागा पुन्हा जोडायला त्याहून जास्त वेळ लागतो. ग्रंथालयात बसलेल्या मुलीला चहा टाकायला कोणी सांगत नाही.

या भागाने अशा जागेची किंमत फार पूर्वी ओळखली होती. रत्नागिरीचे नगर वाचनालय 1828 चे, सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर 1852 चे. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचे कृष्णराव अर्जुन केळुसकर मुंबईत शिक्षक होते. चर्नी रोडच्या बागेत रोज वाचत बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेस पडला. परळच्या चाळीतली एक खोली, तिथेच सगळे कुटुंब. त्यामुळे हा मुलगा पहाटे दोनला उठून अभ्यास करी आणि संध्याकाळी बागेत येई. केळुसकरांनी त्याला पुस्तके पुरवली आणि 1907 मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दार उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसत. बुद्धी आणि जिद्द त्यांचीच होती, पण त्यांनाही बसायला जागा शोधावी लागली. प्रत्येक मुलाला बाग सापडेल आणि बागेत केळुसकर भेटतील, या भरवशावर समाज चालवता येत नाही.

आज जिल्ह्यात जागा नाहीत असे नाही. कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी या चारही ठिकाणी महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या ग्रंथालयांत टेबले, खुर्च्या, दिवे, पंखे आहेत. पण महाविद्यालयाचे दार साधारणपणे तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी उघडते. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलाला ओळखपत्राची मुदत संपली की वाचनकक्षही संपतो. मग उरते पैसे भरून घ्यायची अभ्यासिका, नाहीतर थेट पुणे. अमेरिकेत स्थानिक लोकांच्या करांवर चालणारी ‘कम्युनिटी कॉलेजे’ असतात. त्यांतली बरीचशी आपल्या ग्रंथालयात परिसरातल्या रहिवाशांनाही बसू देतात. आपल्या अनुदानित महाविद्यालयांचा खर्चही बराचसा जनतेच्या पैशातूनच होतो. त्यांनी हा विचार करायला हरकत नसावी.

अडचणी खऱ्या आहेत. कर्मचारी कमी असतात, पुस्तके हरवण्याची भीती असते, अनोळखी माणूस आवारात आला तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतो. म्हणून मागणी माफक असावी. पुस्तकांचे कपाट उघडू नका, फक्त वाचनकक्ष उघडा. माजी विद्यार्थ्यांपासून आणि शेजारच्या गावांतल्या नोंदणी केलेल्या मुलांपासून सुरुवात करा. नाममात्र शुल्क आणि अनामत घ्या आणि त्या पैशातून संध्याकाळच्या दोन-तीन तासांसाठी एक माणूस नेमा. शेवटच्या एसटीची वेळ बघून वेळापत्रक आखा, नाहीतर वालावलच्या मुलीला त्याचा काही उपयोग नाही.

गावातही करण्यासारखे आहे. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे राज्यभर हजारो ग्रंथालये उभी राहिली, त्यांतली कित्येक खेड्यांत आहेत. पण एकाच खोलीत वर्तमानपत्रावरची चर्चा आणि अभ्यास एकत्र नांदत नाहीत. चर्चा वाईट नव्हे, ग्रंथालयाचा तोही एक उपयोग आहे. तिची वेळ वेगळी ठेवावी, इतकेच. जिथे ग्रंथालय नाही, तिथे संध्याकाळी रिकामी असणारी शाळेची एक खोली चालेल. चांगला दिवा, पंखा, उघडी खिडकी, स्वच्छ स्वच्छतागृह आणि भिंतीवर एकच नियम, इथे बोलायचे नाही आणि मोबाइल दाराशी ठेवायचा.

रोज जाणे जमणार नाही, मग उपयोग काय, असे वाटेल. 1978 मधल्या एका प्रयोगात तीच शब्दयादी दोन वेगवेगळ्या खोल्यांत पाठ करणाऱ्यांना ती एकाच खोलीत पाठ करणाऱ्यांपेक्षा जास्त आठवली. म्हणजे थोडा अभ्यास घरी आणि थोडा बाहेर झाल्याने नुकसान होत नाही. आठवड्यातले तीन दिवस शांततेत समजून घेतलेला धडा घरच्या गडबडीत उजळता येतो. गडबडीत अर्धाच समजलेला धडा मात्र कितीही उजळला तरी अर्धाच राहतो.

भजनाची डबलबारी, दशावतार, गणपतीतली आरती यांवर बंधन घाला असे इथे कोणी म्हणत नाही. ते गावाचे जगणे आहे. पण ज्या गावाने देवळासाठी, तळ्यासाठी, नाटकासाठी एकत्र येऊन जागा राखल्या, त्याला दहा टेबलांची एक खोली जड नाही. येत्या ग्रामसभेत रस्ता आणि नळपाण्याबरोबर हा विषयही मांडावा. आणि ती खोली उभी राहीपर्यंत ज्या घरात परीक्षेचे मूल आहे, तिथे रात्री आठ ते दहा टीव्ही बंद ठेवावा. एवढे तर उद्यापासूनही करता येईल.